तीन राजधान्या आणि शहराची ट्राम : व्हिएन्ना, प्राग व बुडापेस्ट येथील दिवसाच्या पासचे परीक्षण

युरोपातील राजधान्या कुटुंबासह पाहायच्या म्हटल्या की आपल्याकडे बहुधा सहल कंपनीची वातानुकूलित बस डोळ्यांसमोर येते, आणि स्वतंत्रपणे जाणारे लोक तिथे पोहोचल्यावर ती उघड्या छताची, कोठेही चढा व कोठेही उतरा अशी पर्यटक बस शोधू लागतात. या दोन्हींपेक्षा शहराची रोजची ट्राम ही पर्यटनासाठी अधिक चांगली सेवा आहे, असे माझे मत व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट या तीन राजधान्यांच्या प्रवासानंतर झाले आहे. हे परीक्षण त्या ट्रामचे आणि तिच्या दिवसाच्या पासचे आहे. राजवाडे आणि संग्रहालये यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्या राजवाड्यांपर्यंत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, शाळकरी मुले आणि मित्राचे कुटुंब यांना न दमवता कसे न्यावे, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही.

या तीन शहरांची सांगड आगगाडीमुळे सहज जमते. प्रागहून व्हिएन्नाला साधारण चार तासांत आणि व्हिएन्नाहून बुडापेस्टला पावणेतीन तासांच्या आत पोहोचता येते. तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे व्हिसा एकच लागतो. चलन मात्र तीन प्रकारचे आहे. ऑस्ट्रियात युरो, चेक प्रजासत्ताकात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट चालते, त्यामुळे पर्यटक बसच्या दलालाने रस्त्यात सांगितलेला भाव महाग की स्वस्त हे चटकन उमगत नाही. तेव्हा तुलना इथेच सांगून ठेवते : तिन्ही शहरांत चोवीस तासांच्या पासला पर्यटक बसच्या एका दिवसाच्या तिकिटाच्या निम्म्याहूनही कमी पैसे पडतात, आणि त्यात ट्राम, बस व भुयारी रेल्वे हे सर्व येते.

व्हिएन्नापासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण ट्राममधून शहर पाहण्याची कल्पना जणू तिथल्या रस्त्यानेच मांडून ठेवली आहे. जुन्या शहराभोवतीची तटबंदी पाडण्याचा आदेश सम्राट फ्रान्झ योसेफ याने १८५७ च्या डिसेंबरात काढला आणि त्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर रिंगस्ट्रासे हा रुंद, झाडांच्या रांगांचा रस्ता आखला गेला. १८६५ मध्ये तो खुला झाला आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत त्याच्या काठाने ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ, नाट्यगृह आणि दोन जुळी संग्रहालये उभी राहिली. प्रत्येक इमारतीची शैली वेगळी आहे : संसद ग्रीक मंदिरासारखी, नगरभवन गॉथिक मनोऱ्यांचे, विद्यापीठ रेनेसाँ काळाची आठवण देणारे. सगळ्या इमारती जवळपास एकाच पिढीत बांधल्या गेल्या, हे लक्षात आल्यावर माझ्या मोठ्या मुलीने विचारलेला प्रश्न मार्मिक होता : ‘मग यातलं खरं जुनं कोणतं?’ खरे जुने आतल्या गल्ल्यांत आहे, आणि रिंगवरच्या कोणत्याही थांब्यावर उतरले की तिथे पायी जाता येते.

पूर्वी १ आणि २ क्रमांकाच्या ट्राम रिंगभोवती पूर्ण फेरी मारत असत. २००८ मध्ये ती सोय संपली, तरीही मार्गदर्शक पुस्तकांच्या जुन्या प्रतींत आणि अनेकांच्या सल्ल्यांत ती अजून जिवंत आहे. आता फेरी पूर्ण करायची तर गाडी बदलावी लागते. श्वेडनप्लाट्झ येथून १ क्रमांकाने निघावे, विद्यापीठ, नगरभवन आणि संसद पाहत ऑपेरापाशी उतरावे आणि तिथून २ क्रमांक पकडून श्टाटपार्कच्या बाजूने पुन्हा श्वेडनप्लाट्झला यावे. घाई केली नाही तरी हे सर्व पाऊण तासाच्या आत होते. आम्ही पहिल्या सकाळी न उतरता ही फेरी केली आणि त्यानंतर कोणाला काय पाहायचे आहे हे ज्याने त्याने ठरवले. एवढ्या माणसांच्या गटात सर्वांचे एकमत लवकर झाले, याचे श्रेय मी त्या फेरीलाच देईन.

डब्यांची रचना हा ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. व्हिएन्नाच्या आधुनिक ट्रामचा उंबरा फलाटाच्या जवळजवळ समपातळीत असतो, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या सासूबाई कोणाचाही हात न धरता चढत-उतरत होत्या. पर्यटक बसमध्ये खरी मजा वरच्या मजल्यावर असते आणि तिथे जायला अरुंद, वळणाचा जिना असतो. म्हणजे पैसे सर्वांचे भरायचे आणि ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी खाली बसून काचेतून रहदारी पाहायची. आम्ही एका शहरात एक दिवस अशा खासगी बसचे तिकीट काढले होते. पाऊस सुरू झाल्यावर छत ओले, खाली जागा नाही आणि पुढच्या गाडीचा पत्ता नाही, अशा अवस्थेत आम्ही शेवटी समोरून आलेल्या ट्राममध्येच चढलो. कोणत्या शहरात ते सांगत नाही, कारण ही तक्रार अशा बसच्या पद्धतीविषयी आहे आणि ती इतरत्रही लागू पडावी.

व्हिएन्नातले माझे आवडते मार्ग मात्र रिंग सोडून बाहेर जाणारे आहेत. डी ही ट्राम बेल्व्हेडेर राजवाड्यापाशी थांबते आणि उलट्या दिशेने नुसडॉर्फपर्यंत, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांच्या पायथ्याशी नेते. ७१ क्रमांक मध्यवर्ती दफनभूमीकडे जातो. कोणी वारले की ‘त्याने ७१ पकडली’ असे तिथले लोक म्हणतात. सहलीत मुलांना दफनभूमी कशाला दाखवायची, असा आक्षेप मित्राच्या पत्नीने घेतला होता आणि तो चुकीचा नव्हता. परंतु १८७४ मध्ये सुरू झालेली ही दफनभूमी विस्तीर्ण उद्यानासारखी आहे, आणि दुसऱ्या प्रवेशद्वारापासून थोड्याच अंतरावर बेथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स आणि योहान श्ट्राउस यांच्या समाधी एकमेकांजवळ आहेत. बेथोव्हेन आणि शूबर्ट यांचे अवशेष १८८८ मध्ये दुसऱ्या दफनभूमीतून इथे आणले गेले. मोझार्टचे इथे केवळ स्मारक आहे. त्याचे दफन सेंट मार्क्स येथे झाले होते. शास्त्रीय संगीत शिकणारा मित्राचा मुलगा तिथून निघायला तयार नव्हता, आणि आक्षेप घेणाऱ्या त्याच्या आईनेच मग परतीची पुढची ट्राम सोडून दिली. दर काही मिनिटांनी येणाऱ्या सेवेत असे करता येते. सहल कंपनीच्या बसमध्ये अशा वेळी चाळीस माणसे खिडकीतून आपल्याकडे पाहत असतात.

व्हिएन्नात तिकीट तपासणारे फाटक नाही. फलाटावर कोणी अडवत नाही, म्हणून पास आपोआप सुरू झाला असे समजू नये. कागदी पास निळ्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो आणि शिक्का नसलेला पास तपासनिसाच्या लेखी तिकीटच नव्हे. शिक्का एकदाच मारायचा असतो. मोबाइलवर घेतलेल्या पासला ही भानगड नाही, पण मग सर्वांचे पास एकाच्या फोनमध्ये ठेवू नयेत, कारण तो माणूस चुकून वेगळ्या डब्यात राहिला तर बाकीचे विनातिकीट ठरतात. शोनब्रुन राजवाड्याला ट्रामपेक्षा यू-४ ही भुयारी रेल्वे सोयीची पडते आणि ती याच पासात येते.

प्रागविषयी थोडक्यात लिहिते, कारण प्रागचे जुने शहर मुळात पायी पाहण्याचे आहे आणि ट्रामची खरी गरज नदीच्या पलीकडच्या चढासाठी भासते. ती गरज २२ क्रमांक भागवतो. राष्ट्रीय नाट्यगृहापासून व्हल्टावा नदी ओलांडून ही ट्राम माला स्ट्राना या जुन्या वस्तीत शिरते, तिथल्या चौकापुढे एका अरुंद कमानीखालून वाट काढते आणि वळणे घेत किल्ल्याच्या टेकडीवर चढते. या कमानीपाशी दोन्ही दिशांच्या गाड्या एका वेळी मावत नाहीत, म्हणून एकीला थांबावे लागते. बहुतेक पर्यटक किल्ल्याच्या थांब्यावर उतरतात. त्याऐवजी पुढे पोहोर्झेलेत्सपर्यंत जावे आणि स्ट्राहोव्ह मठ पाहून उताराने किल्ल्याकडे चालत यावे, म्हणजे ज्येष्ठांना फारसा चढ लागत नाही. सेंट व्हिटस कॅथेड्रलचे काम १३४४ मध्ये सुरू होऊन १९२९ मध्ये पूर्ण झाले, हे सांगितल्यावर आमच्या गल्लीतील उड्डाणपुलाविषयी सासऱ्यांनी केलेली टिप्पणी इथे देण्याजोगी नाही.

प्रागच्या पासचा मोठा फायदा असा की, पंधरा वर्षांखालील मुले आणि पासष्टीपुढचे प्रवासी शहराच्या हद्दीत विनामूल्य प्रवास करू शकतात. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ असला पाहिजे. आमच्या गटातील निम्म्या माणसांना त्यामुळे पास काढावाच लागला नाही. उणिवाही आहेत. २२ क्रमांकात दुपारी इतकी गर्दी असते की खिडकीची जागा मिळत नाही आणि पाकीटमारांसाठी हा मार्ग कुप्रसिद्ध आहे. सकाळी नवाच्या आत निघणे श्रेयस्कर. भुयारी रेल्वेचे सरकते जिने लांब आणि वेगवान आहेत, आणि सासूबाईंनी त्यांवर पाय ठेवण्यास पहिल्याच दिवशी नकार दिला. सगळ्याच ट्राम बुटक्या उंबऱ्याच्या नाहीत, परंतु थांब्यावरच्या वेळापत्रकात कोणती फेरी तशा गाडीची आहे हे चाकाच्या खुर्चीच्या खुणेने दाखवलेले असते, ही व्यवस्था मला फार आवडली.

२३ क्रमांकावर मुद्दाम जुन्या टाट्रा टी-३ गाड्या चालवतात. साम्यवादी काळात एकट्या प्रागमधल्या कारखान्याने या बनावटीचे जवळपास चौदा हजार डबे तयार केले आणि त्यांतले बहुतेक सोव्हिएत संघात गेले. गोल नाकाचा तो लाल डबा मुलांना खेळण्यासारखा वाटला. सासऱ्यांनी लहानपणी दादरला ट्राम पाहिली होती. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, तेव्हा ते शाळेत होते. तीन पायऱ्या चढून ते टी-३ मध्ये बसले आणि मुंबईची ट्राम याहून हळू होती की वेगवान यावर मित्राच्या वडिलांशी त्यांचा वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालला. चार्ल्स पुलावरूनही एके काळी ट्राम जात असे. १८८३ पासून घोड्यांची आणि १९०५ ते १९०८ या काळात विजेची ट्राम चौदाव्या शतकातल्या त्या दगडी पुलावरून धावली, यावर आज तिथली गर्दी पाहून विश्वास बसत नाही.

आता बुडापेस्ट. दृश्याच्या बाबतीत तिन्ही शहरांत हेच पहिले, आणि त्याचे कारण २ क्रमांकाची पिवळी ट्राम. मार्गारेट पुलाजवळच्या यासाई मारी चौकातून ती निघते, संसदेजवळून जाऊन डॅन्यूबच्या काठाला येते आणि मग साखळी पूल, व्हिगादो सभागृह, एलिझाबेथ पूल ओलांडत मोठ्या बाजारपेठेपर्यंत नदीच्या सोबतीने चालते. पलीकडच्या काठावर बुडाचा किल्ला आणि गेलेर्ट टेकडी सारखी दिसत राहते. दक्षिणेकडे जाताना उजवी बाजू आणि परतताना डावी बाजू धरावी. दिवसा एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा असा दोन्ही वेळा प्रवास करावा, कारण पासात दुसऱ्या फेरीला वेगळे पैसे पडत नाहीत आणि रात्री याच दृश्यासाठी नौकाविहारवाले चांगले पैसे घेतात. संसदेच्या दक्षिणेस नदीकाठी लोखंडी बुटांच्या साठ जोड्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात या काठावर ज्यू नागरिकांना बूट काढायला लावून गोळ्या घातल्या गेल्या, त्यांचे हे २००५ मधले स्मारक आहे. ट्राममधून ते नीट दिसत नाही. तिथे उतरून चालत जावे आणि मुलांना काय सांगायचे ते आधी ठरवून जावे.

एक गोष्ट मात्र २ क्रमांकातून साधत नाही. संसदेची ९६ मीटर उंचीची ती प्रसिद्ध इमारत नदीकडून जशी दिसते, तशी तिला खेटून जाणाऱ्या ट्राममधून दिसणे शक्यच नाही. त्यासाठी संसदेच्या चौकातून एम-२ भुयारी रेल्वेने डॅन्यूबखालून एकच स्थानक पलीकडे, बाचानी चौकात जावे. तिथे बाकावर बसून समोर संपूर्ण इमारत दिसते, आणि तिथूनच १९ किंवा ४१ क्रमांकाची ट्राम बुडाच्या काठाने गेलेर्टपर्यंत नेते. दोन्ही काठांचा हा गोफ गुंफला की बुडापेस्टचे नदीदर्शन पूर्ण होते. किल्ल्यावर जायला रुळांवरून दोराने ओढली जाणारी १८७० ची रोपगाडी आहे, पण तिचे तिकीट वेगळे व महाग असते आणि रांगही लांब असते. १६ क्रमांकाची बस पासावर थेट वर नेऊन सोडते. रोपगाडीचा प्रवास जेमतेम दीड-दोन मिनिटांचा आहे आणि मुलांच्या हट्टाखातर आम्ही तो केला. मोठ्यांनी बसनेच जावे असा माझा सल्ला राहील.

एम-१ ही भुयारी रेल्वे स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. १८९६ मध्ये हंगेरीच्या सहस्राब्दी उत्सवासाठी ती सुरू झाली आणि युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरील ती पहिली भुयारी रेल्वे ठरली. आंद्राशी मार्गासह ती २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. रस्त्यापासून थोड्याच पायऱ्या खाली उतरले की पांढऱ्या व तपकिरी फरशांचे, लोखंडी खांबांचे छोटे फलाट लागते आणि चिमुकले पिवळे डबे येतात. ऑपेरा, वीरांचा चौक आणि सेचेनी हे सार्वजनिक स्नानगृह ही तिन्ही ठिकाणे या एकाच मार्गावर आहेत. दोन सूचना मात्र लक्षात ठेवाव्यात. दोन दिशांच्या फलाटांना रस्त्याच्या दोन बाजूंनी वेगवेगळी प्रवेशद्वारे असतात, म्हणून पाटी वाचूनच खाली उतरावे, नाहीतर पुन्हा वर येऊन रस्ता ओलांडावा लागतो. आणि पायऱ्या थोड्या असल्या तरी उद्वाहनाच्या भरवशावर जाऊ नये. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर हा मार्ग सोडून द्यावा. २ क्रमांकाच्या जुन्या ट्रामलाही उंच पायऱ्या आहेत, म्हणजे सर्वांत सुंदर मार्ग नेमका चढायला सर्वांत अवघड आहे. याबाबतीत व्हिएन्ना कितीतरी पुढे आहे. डॅन्यूबला मोठा पूर आला की नदीकाठचा हा मार्ग बंदही ठेवावा लागतो.

मित्र आणि कुटुंब एकत्र असलेल्या गटासाठी बुडापेस्टमध्ये पाच जणांचा चोवीस तासांचा सामायिक पास मिळतो आणि तो पाच स्वतंत्र पासांपेक्षा स्वस्त पडतो. अट अशी की पाचही जणांनी सोबतच प्रवास केला पाहिजे. ऐकायला ही अट सोपी वाटते. प्रत्यक्षात दुपारनंतर मुलांना स्नानगृहात डुंबायचे असते, सासऱ्यांना खोलीवर पडायचे असते आणि मैत्रिणीला बाजारात पाप्रिका घ्यायची असते. आमच्या मते गटातील मोठ्यांनी स्वतंत्र पास घेणे चांगले. सामायिक पास पहिल्या दिवशी, सर्वजण एकत्र फिरणार असतील तेव्हाच घ्यावा. हंगेरीत चौदा वर्षांखालील मुलांना प्रवास मोफत आहे. पासष्टीपुढील ज्येष्ठांना मिळणारी मोफत प्रवासाची सवलत मात्र युरोपीय देशांच्या नागरिकांपुरती असल्याने भारतीय पासपोर्टवर ती लागू होत नाही. प्रागहून येणाऱ्या मंडळींनी तिथल्या सवयीने आजी-आजोबांना तसेच गाडीत बसवू नये. बुडापेस्टचे तपासनीस भुयारी रेल्वेच्या दारातच उभे असतात आणि त्यांच्याशी हुज्जत घालून काहीही साधत नाही.

पर्यटक बसमध्ये कानाला लावून ऐकायची माहिती मिळते आणि ट्राममध्ये मिळत नाही, ही ट्रामची खरी उणीव आहे. आम्ही आदल्या रात्री मुलांना थांबे वाटून दिले होते आणि ज्याचा थांबा त्याने माहिती सांगायची असे ठरवले होते. व्हिएन्नात हे उत्तम जमले. बुडापेस्टमध्ये थांब्यांची नावे उच्चारता न आल्यामुळे ते हसण्यातच गेले. ज्यांना अशी तयारी करायची नसेल, ज्यांच्याकडे एखाद्या शहरासाठी जेमतेम अर्धाच दिवस असेल किंवा ज्यांना सलग बसून सारे शहर डोळ्यांखालून घालायचे असेल, त्यांनी खुशाल पर्यटक बस घ्यावी; फक्त आकाश निरभ्र असेल त्या दिवसाचे तिकीट काढावे. प्रागमध्ये ऐतिहासिक डब्यांची ४२ क्रमांकाची पर्यटक ट्रामही आहे, पण तिचे तिकीट वेगळे असते आणि नेहमीचा पास तिला चालत नाही. २३ क्रमांकावर जुन्या डब्याची हौस भागत असताना त्या जादा खर्चाची गरज आम्हाला वाटली नाही.